मुंगीच्या फाईलला हात कुणी लावला?

नाही नाही, तुम्ही उठू नका काका, वायर पोचतेय — तुमच्या पायामागून घेते फक्त — हं, लागलं चार्जिंग. आता बघते मी. कोण खोटं बोलतंय ते इथे बसल्या बसल्या दाखवते तुम्हाला. मघाशी तुम्ही सगळं ऐकलंच असेल म्हणा. अख्ख्या कॉरिडॉरने ऐकलं, त्या औषधाच्या खिडकीतल्या बाईंनी तर पेन खाली ठेवून ऐकलं. ऐकू दे. माझी अकरा महिन्यांची पोर त्या दाराआड ओठ सुजून पडलीय — म्हणजे आता उतरतेय सूज, इंजेक्शन दिलंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या धोका टळला, संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवू — आणि मी काय कुजबुजत बोलायचं? ती नर्स मला म्हणते, "तुमच्या आवाजाने बाळ दचकतंय, शांत झालात की आत या." म्हणजे बघा, अंडं भरवलं एकीने, आणि दाराबाहेर काढलं मला. काचेतून दिसतेय इथून, झोपलीय. मुठी उघड्या आहेत. मुठी उघड्या असल्या की गाढ झोपलेली असते ती. मुंगी म्हणतो आम्ही तिला, जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून.

अंडं हो, काका. अंडं! सातव्या महिन्यात माझ्या ताटातलं नुसतं बोट चाटलं तिने, तर अंगभर गांधी उठल्या. ह्याच डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, तपासणी होईपर्यंत अंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही. आणि आज माझ्या सासूबाईंनी उकडलेला बलक कुस्करून, दुधात कालवून, चमच्याने — प्रेमाने, हां, प्रेमाने, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, विष पण प्रेमानेच भरवतील त्या. आणि वर म्हणतात काय? "कागदात होतं." तुम्ही ऐकलंत ना? सतरा वेळा तेच. "कागदात होतं गं, कागदात बघूनच दिलं." पर्समधून घडी काढून माझ्या नाकासमोर धरली. आणि होतं कागदात! तीच तर गंमत आहे. आजच्या तारखेच्या कागदात ढळढळीत छापलंय — आजपासून नवीन, उकडलेल्या अंड्याचा बलक, अर्धा चमचा. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. कारण कागद खोटं बोलत नाही, कागद फाईलीतून येतो, आणि फाईलीत ते आपोआप उगवत नाही. कुणीतरी घातलं. कुणीतरी माझी ओळ खोडली आणि स्वतःची घातली.

कसला कागद? हो, खरंच की, तुम्हाला कसं कळणार. थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हालाही वाटेल की ही बाई भ्रमिष्ट आहे. वाटतंच असेल थोडंफार. मलाही वाटतं अधूनमधून. मी गोदामांच्या मालमोजणीचं सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामात काय असतं, एकाच फाईलीवर दहा जण हात चालवतात, मग कुणी काय बिघडवलं ते कळायला नको का? तर आम्ही नुसती फाईल ठेवत नाही, तिचा सगळा इतिहास ठेवतो. तुम्ही घरी एखादं पत्र टाइप केलंत, दुरुस्त केलंत, जतन केलंत, की जुनं गेलं. आमच्याकडे जात नाही. प्रत्येक बदलाचा जणू फोटो काढून ठेवलेला असतो — आधी काय होतं, आता काय आहे, कुणी केलं, कधी केलं — आणि का केलं, ती एक ओळ लिहायलाच लागते, त्याशिवाय मशीन सोडत नाही. तर मुंगी झाली, आणि माझी रजा संपत आली, आणि माझी झोप उडाली. म्हणजे ती आधीच उडाली होती, पण आता कारणासकट उडाली. मी दिवसभर खोलीत काम करणार, नवरा त्याच्या ऑफिसात, आणि पोर सासूबाईंकडे. तेव्हा मी मुंगीची फाईल केली. काय खायचं, किती, कधी झोपायचं, कुठलं औषध, ताप आला तर काय. आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, स्क्रिप्ट म्हणतात त्याला, तो रोज सकाळी फाईल वाचतो, मुंगीचं वय मोजतो, त्या वयाचं जे असेल ते उचलतो आणि दिवसाचा कागद छापतो. कागद फ्रिजवर. संपलं. कुणी कुणाला विचारायला नको, भांडायला नको.

हसा, हसा. सासूबाई पण हसल्या होत्या. "आमची मुलं दुधावर वाढली, हिची प्रिंटरवर वाढतेय" — शेजारणीला सांगत होत्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. मी काही म्हटलं नाही. मी आई म्हणून कच्ची आहे काका, ते मला मान्य आहे, पोर रडायला लागली की भूक आहे की झोप आहे हे मला अजून कळत नाही, त्यांना नुसत्या हुंकारावरून कळतं — पण फाईल माझी पक्की आहे. निदान तेवढं तरी माझं पक्कं असू दे की नको?

पण नाही, तिथेही हात. ह्याने त्याचा जुना टॅब त्यांना दिला — "आईला पण शिकू दे गं" — आणि त्या शिकल्या! पंधरा दिवसांत शिकल्या! मला आपलं वाटत होतं की बाईंना जमायचं नाही. हे बघा, हे बघा ना स्क्रीनवर, ही सगळी यादी म्हणजे बदल. हे वाचा. "दुपारची झोप एक तासाऐवजी दोन तास. कारण — मला माहीत आहे." हे कारण आहे? हे दुसरं. "टोपी. कारण — वारा." आणि हे, "गाजर बंद. कारण — तोंड वाकडं करते." आता ह्याचे बघा, माझ्या नवऱ्याचे, इंजिनिअर माणूस, पगार घेतो ह्याच कामाचा. "मालिश सकाळऐवजी संध्याकाळी. कारण — आई म्हणाली." "पाणी उकळून कोमट. कारण — आई म्हणाली." "कारण — आई." "कारण — तेच." अहो, मी ऑफिसात असं कारण लिहिलं तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील!

मग मी नियम केला. आमच्या ऑफिसातलाच आहे तो, काही जगावेगळा नाही. मूळ फाईल म्हणजे झाडाचं खोड समजा. खोडाला कुणी थेट हात लावायचा नाही. बदल करायचाय, तर आधी फांदी काढायची, फांदीवर लिहायचं, आणि मग दुसऱ्याने ते वाचून "मान्य" म्हटलं की ते खोडात मिसळायचं. ज्याने लिहिलं त्याने स्वतःच मान्य करायचं नाही. मी लिहिलं तर नवरा वाचणार, त्याने लिहिलं तर मी. आणि अगदी घाईगर्दीच्या वेळी नियम ओलांडायची किल्ली दोघांकडे आहे, पण ती वापरायची नाही असं ठरलंय. आता कळलं तुम्हाला मला कशाचा संशय आहे ते? आईने टॅबवर लिहिलं, मुलाने डोळे मिटून किल्ली फिरवली. आईचा हात, मुलाचं नाव. आणि वर दोघं मिळून माझ्यासमोर कानावर हात. तो तर म्हणाला, "मी अंड्याचं काहीच केलं नाही." शपथ घेऊन म्हणाला. शपथ घेताना तो डावीकडे बघतो नेहमी.

आणि सासूबाईंना ठाऊक होतं बरं का. आपण काहीतरी वेगळं करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नाहीतर सकाळी चार वेळा माझ्या दाराशी का आल्या असत्या? मी मीटिंगमध्ये, कानाला हेडफोन, समोर सहा माणसं स्क्रीनवर, आणि दारात ह्या. "अगं, जरा बघ ना, हे आज..." मी हाताने खूण केली की नंतर. परत आल्या. "अगं पण ह्यात लिहिलंय की..." शेवटी मी आवाज बंद करून म्हटलं, आई, कागदात लिहिलंय ना? मग जे लिहिलंय ते करा ना, प्रत्येक गोष्ट मला विचारायची तर कागद कशाला छापलाय? — चिडूनच म्हटलं, खोटं कशाला बोलू. पण कुणीही चिडेल. हेच तर चाललंय सहा महिने. कागद वाचायचा, आणि मग कागदावर माझ्याशी चर्चा करायची. त्या कागदाची घडी करत गेल्या. मी परत आवाज सुरू केला, सॉरी म्हटलं सगळ्यांना. अर्ध्या तासाने त्यांची हाक आली. हाक नव्हे ती. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

तुमच्याकडे पाणी आहे का? नको, राहू दे, माझ्याकडे आहे. बाटली मुंगीची आहे, चालतंय.

तर मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, ह्याच बाकावर बसून. एक तर त्या राहतील, नाहीतर मी. मुंगी घरी येईल तेव्हा मला त्या घरात दिसता कामा नयेत. संध्याकाळच्या गाडीत बसवून दे, आपल्या गावी जाऊ दे, तिथे हव्या तेवढ्या टोप्या घाला म्हणावं कुणालाही. त्याने तोंड उघडलं तर म्हटलं, एक शब्द नको. नेलं त्याने त्यांना. निघताना मुंगीची दुपट्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पिवळं दुपटं वर आहे, उठली की तेच लागतं." बघा, जाताजाताही शिकवायचंच. म्हणजे मला ठाऊक नाही की काय — नव्हतं ठाऊक, ते सोडा. माझी पोर, आणि तिला कुठलं दुपटं लागतं हे मला दवाखान्यात, बाहेरच्या बाईकडून — बाहेरची नाही, बाहेरची म्हणजे —

सोडा. आपण फाईल बघू. फाईल रडत नाही, दुपटी मोजत नाही.

हं. आता मागे मागे जायचं. आजपासून मागे. परवा, औषधाच्या थेंबांची वेळ, मी लिहिली, त्याने मान्य केलं. त्याआधी केळं. त्याआधी परत टोपी, बघा, सोडत नाहीत. त्याआधी... नाही, ह्यात अंडं नाही. ह्यात नाही. थांबा, असं एकेक कशाला बघतेय मी, शोधच देते ना. "बलक" शब्द कुठल्या बदलात आला किंवा गेला, तेवढंच दाखव. घ्या. आता एका क्षणात चोर समोर.

एकच दाखवतोय.

हे तर जुनं आहे. पाचव्या महिन्यातलं. ही मीच पहिल्यांदा अख्खी फाईल बनवली तेव्हाचं, वर्षभराचं खाणं एका बैठकीत लिहून टाकलं होतं, पुस्तकातून बघून. सहाव्यात भाताची पेज, आठव्यात भाज्या, अकराव्यात अंड्याचा बलक, अर्धा चमचा. हो, माझंच आहे हे, पण हे गांधी उठायच्या आधीचं, काका! तेव्हा कुणाला काय माहीत! हे मी नंतर काढलं. मी काढलं म्हणजे काढलंच, मला लख्ख आठवतंय, इथून निघालो त्याच दिवशी, गाडीत बसूनच, मोबाईलवर, मुंगी मांडीवर होती. बलकाची ओळ खोडली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, अंडं नाही, कुठल्याही रूपात नाही. मग ते का दाखवत नाही हा? काढल्याचं दाखवायला हवं. घातल्याचं दाखवतोय, काढल्याचं नाही. म्हणजे कुणीतरी इतिहासातूनच — नाही, ते नवऱ्याला जमेल पण तो तसं करणार नाही. सासूबाईंना तर...

काय म्हणालात? फांदी? अहो फांदीवरच लिहिलं होतं मी, नियमच आहे तो, मी सांगितलं की मघाशी, फांदीवर लिहायचं आणि दुसऱ्याने —

थांबा.

थांबा हं जरा.

ही बघा आहे. आहे फांदी. माझीच. "अंडं बंद." मंजुरीसाठी पाठवली, नवऱ्याकडे, त्याच दिवशी. आणि ही — ही अजून उघडीच आहे. चार महिने. खोडात गेलीच नाही. "मंजुरी बाकी." बघितलंत? बघितलंत ना आता? त्याने मान्यच केलं नाही! एक बटण दाबायचं होतं त्याला, एक बटण! पोरीच्या जिवाची गोष्ट आणि ह्या माणसाला चार महिने एक — त्याने वाचली तरी होती का? वाचली होती. हे खाली त्याने लिहिलंय. "अंडं म्हणजे नुसतं उकडलेलं, की केक-बिस्किटातलंही? नीट लिही, आईला कळायला हवं."

आणि खाली मी.

"नंतर बोलू."

बस. त्याच्याखाली काही नाही.

नाही, पण तुम्हाला त्या दिवसाचं माहीत नाही काका. त्या दिवशी गाडीत हा मला काय म्हणाला होता? पोरीच्या अंगावर एवढाल्या गांधी, आणि हा म्हणतो, "तुझ्याच ताटातलं होतं ना?" तुझ्याच! मग मी का बोलू त्याच्याशी? आम्ही आठवडाभर बोलत नव्हतो. एका घरात, भिंतीपलीकडे बसून त्याने मला स्क्रीनवर प्रश्न विचारला, आणि मी भिंतीअलीकडून... मी का द्यायचं उत्तर? त्याने यायचं होतं ना उठून खोलीत. आठ पावलं नाहीत मधे. की मी जायचं होतं? मग नंतर आम्ही बोलायला लागलो, आणि मुंगीला पहिला दात आला, आणि — आणि ते राहिलं. असं राहतं का काही? किल्ली होती की माझ्याकडे. एवढं होतं तर मी स्वतः फिरवायची होती किल्ली. नियम मीच केला होता, मीच मोडायचा होता एकदा. ऑफिसात आम्ही असल्या लटकलेल्या फांद्यांवरून लोकांना काय काय बोलतो...

तुम्ही असे का बघताय? मान हलवू नका तुम्ही. मला नकोय कुणाची मान. तुमच्या घरी नसतील चुका होत, तुमच्या सुनेला सगळं तोंडपाठ असेल. तिला झोप मिळत असेल. मला विचाराल तर अजूनही — अजूनही त्या म्हणू शकल्या असत्या ना, ठासून, की "अगं, अंड्याचं काय, तिला गांधी उठल्या होत्या ना?" आठवत नव्हतं का त्यांना? आठवत असणार. म्हणून तर... म्हणून तर दाराशी...

फोन वाजतोय. त्याचाच आहे.

हां, बोल. झोपलीय. हो, ओठ बरेच उतरलेत, श्वास नीट आहे, नर्स आत आहे. मी? मी बाहेर. असंच. नाही, ओरडत नाहीये. तू कुठे आहेस? स्टँडवर? लगेच? घरी जाऊन सामान तरी — एकच पिशवी? एवढं सगळं एका पिशवीत कसं मावलं? नाही, म्हणजे... गाडी लागलीय का? बसल्या? अरे, बसल्या का त्या, एवढंच विचारतेय! खाली आहेत ना अजून? फोन दे त्यांना. दे ना तू, कारण विचारत बसू नकोस. हो, बघितली फाईल. सापडलं. कुणी ते नंतर — नाही, नंतर नाही, आत्ताच, पण तुला नाही, त्यांना आधी. दे फोन.

काय? घेत नाहीत म्हणजे? हातात घेत नाहीत? मग म्हणावं... नको, तू काही म्हणू नकोस, तू म्हणालास की सगळं भलतंच होतं. तू एक कर, स्पीकरवर टाक आणि त्यांच्याजवळ धर. जवळ धर, बाजूने गाड्या आहेत, ऐकू जायला हवं. आणि तू लांब उभा राहा. लांब म्हणजे लांब. धरलास? थांब, एक मिनिट, तसाच धरून ठेव —

काका, उठा. उठा इथून. नाही, बाक नकोय मला, तुम्ही नकोय. तिकडे खिडकीशी जाऊन बसा. मघाशी ऐकलंत ना सगळं पोटभर, आता पुरे. हे तुमच्यासाठी नाही. जा ना हो! जा!